मोठी, मामा आणि लॉनवाला

कॉलेजचा ग्रुप भेटला की सगळे ऑफिसचे किस्से सांगतात. कुणाचा बॉस, कुणाचं अप्रेझल. माझी पाळी आली की म्हणतात, "सँड्रा, तू नको सुरू करू, जेवण व्हायचंय." आणि जेवण झालं की तेच म्हणतात, "हां, आता सांग." डुकरांच्या धंद्यात किस्से शेणासारखे असतात. रोज सकाळी काढून टाकले तरी दुसऱ्या दिवशी तितकेच तयार.

धंदा आमचा गोराईत, खाडीच्या पलीकडे. बोरिवलीहून फेरीबोटीने यायचं. आम्ही म्हणजे मी आणि माझा वर्गमित्र नितेश, तो इथल्याच कोळीवाड्यातला. वाडी माझ्या आग्नेलमामाची. वाडीच्या मागच्या बाजूला गोठे होते, तिथे फिलूमामी डुकरं पाळायची. ती गेल्यावर मामाने सगळी विकून टाकली आणि मागे जाणंच सोडलं. पुढच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायचा, बस्स.

बोरिवलीचा एक माणूस ती वाडी लग्नाच्या लॉनसाठी भाड्याने मागत होता. हिरवं गवत, दिव्यांच्या माळा, डीजे. मामा जवळजवळ हो म्हणाला होता. मला राहवेना. आमच्या गावातली पोरं एक तर जमिनी विकतात नाही तर लॉनवर वेटर होतात. मी नोकरी सोडली आणि लॅपटॉप घेऊन मामाच्या ओट्यावर गेले.

*

बावीस स्लाइड्स केल्या होत्या. हॉटेलचं वाया जाणारं अन्न, शहराचा कचरा, खाद्याचं वजनात होणारं रूपांतर, पोर्कची मागणी, तीन रंगांचे ग्राफ. मामा मन लावून बघत होता. मी घामाघूम होऊन थांबले.

"हे मराठीत काय?" मामाने विचारलं.

"डुकरं पाळायचीत, मामा."

"मग तसं बोल ना गो."

त्याने पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. मग म्हणाला, "ईस्टरपर्यंत एक वेत जगवून दाखव. नाय जमलं तर वाडी लॉनवाल्याला. मागे मला बोलवायचं नाय, मी येणार नाय."

आम्ही वसईहून दोन वाढती पिल्लं आणि एक तरणी मादी आणली. मादीला आम्ही नुसतं 'मोठी' म्हणायचो. नाव ठेवायचं नाही, हा माझा नियम होता. धंदा म्हणजे धंदा. दोन आठवड्यांत नितेश तिला "मोठे, सरक गं जरा" म्हणायला लागला आणि मग ते नावच झालं.

*

खाद्यासाठी मी बोरिवलीच्या एका गुजराती थाळीवाल्याकडे गेले. "जनावरांसाठी उरलेलं अन्न मिळेल का?" शेठ लगेच तयार. रोज दुपारी दोन डबे भरून ठेवायचे. वर गुळाचा खडा, आणि डबा देताना हात जोडायचे.

आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की शेठ गाईंसाठी समजून देतायत. नितेश म्हणाला, "तू गप बस ना यार. गाय काय, डुक्कर काय, खातायत ना?" मला नाही जमलं. दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर सरळ सांगून टाकलं.

शेठनी गल्ल्यामागच्या देवाच्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नितेश माझ्या पायावर पाय देऊन उभा.

मग शेठ म्हणाले, "आमची डाळ तिखट असते. त्यांच्या पोटाला चालते?"

तेव्हापासून डाळ वेगळ्या डब्यात येते. गुळाचा खडा मात्र अजून येतो.

*

शेजारचा बंगला शूटिंगला जातो. एक दिवस तिथून एक मुलगा धावत आला, कानाला हेडफोन. "मॅडम, इमोशनल सीन चालू आहे. यांना पाच मिनिटं सायलेंटवर ठेवा ना."

"फोन आहे का तो?" नितेश म्हणाला.

पण डुक्कर खाताना ओरडत नाही, हे आम्हाला माहीत होतं. मग असं ठरलं की तिकडून "रोल" ऐकू आलं की इकडे नितेशने घमेलं ओतायचं. हिरॉइनला काही केल्या रडू येईना. टेकवर टेक. संध्याकाळपर्यंत आमची तिन्ही जनावरं दोन दिवसांचं खाऊन आडवी पडली होती.

पॅकअपनंतर तो मुलगा आभार मानायला आला, आडव्या पडलेल्या मोठीकडे बघत म्हणाला, "आज सेटवर हीच एकटी वेळेवर झोपली."

*

आता जरा लाजेचा किस्सा. नितेशच्या आईकडे बोंबील सुकवताना मोडलेले तुकडे, मासळीची डोकी, असं बरंच उरायचं. फुकटचं प्रोटीन! मी हरखून गेले. पिल्लांना सकाळ-संध्याकाळ मासळी. वजन असं वाढलं की मी ग्राफ काढून ग्रुपवर टाकला.

पहिलं डुक्कर गावातल्याच एका घरी बाप्तिस्म्याच्या जेवणाला गेलं. सोरपोतेल, म्हणजे आमचं डुकराचं आंबट-तिखट मटण, शिजलं, पंगत बसली. मी आणि नितेश कोपऱ्यात, रिझल्ट लागायची वाट बघत असल्यासारखे.

बाळाच्या पणजीने पहिला घास घेतला, चावला, आणि सुनेला म्हणाली, "बरं केलंस बाय, मटणातच बोंबील टाकलेस. वेगळा रस्सा करायचा तुझा त्रास वाचला."

सगळी पंगत हसली. नितेश पानात डोकं घालून जेवत राहिला. मी मात्र उठून मागच्या दारी गेले. वाटलं, संपलं. गावात एकदा नाव गेलं की परत कोण घेणार? लॉनवाल्याला आजच फोन जाईल.

परत आले तर मामा दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

"मामा, नको खाऊस रे. वास येतो त्याला."

"येतोच," मामा म्हणाला. "फिलूच्या पहिल्या डुकराला पण असाच आलेला. तिचा भाऊ मासळी द्यायचा." घास संपवून त्याने बोटं चाटली. "कापायच्या आधी दोन-तीन महिने मासळी बंद करायची असते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मागे मला बोलवायचं नाय, असं ठरलेलं ना?"

*

मोठी वसईला जाऊन गाभण होऊन आली आणि उन्हाळा लागला. डुकराला घाम येत नाही, ऊन त्याला सहन होत नाही. मी गोठ्यावर शेडनेट बांधलं, पाण्याचा पाइप ओढला. आणि रोज पुढच्या ओट्यावरून हाक यायची.

"आज ती ओरडली नाय ती?"

"झोपलीय मामा."

"माती ओली केलीस?"

"केली."

"मला काय करायचंय. आवाज नाय आला म्हणून विचारलं."

एका दुपारी मी बोरिवलीहून डबे घेऊन आले. मोठीची पाठ उन्हाने कोरडी पडून सोलवटायला लागली होती, म्हणून मी औषधाचं मलम आणलं होतं. बघते तर तिची पाठ चमकत होती. नारळाचं तेल, कानांच्या मागेसुद्धा नीट चोळलेलं. नितेश तर दोन दिवस लग्नाला गेलेला.

पुढे गेले. मामा ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलेला. हातांना घमघमाट.

"मामा, तेलाचा वास येतोय."

"डोक्याला लावलं."

मामाच्या डोक्यावर एकही केस नाही. मलम परत करून आले.

*

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मोठी व्यायली, भल्या सकाळी, माझ्या हिशेबाच्या आधीच. नितेशचा फोन लागेना. डुक्करीण पहिल्या वेताला घाबरते, कूस बदलताना पिल्लांवरच लोळते. एकेक पिल्लू बाहेर येताच उचलायचं, पुसायचं, उबेला ठेवायचं, पुन्हा सडाला लावायचं. माझे दोनच हात. एक पिल्लू हलतच नव्हतं. मी घाबरून मामाची अट विसरले आणि ओरडले, "मामा!"

तो आला. लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून थेट आत शिरला आणि मोठीच्या डोक्याशी उकिडवा बसला. तिच्या कानाशी काय पुटपुटत होता कोण जाणे, पण ती शांत पडली. न हलणारं पिल्लू त्याने माझ्या हातातून घेतलं, नाकातोंडातलं बोटाने काढलं, गोणपाटाने खसाखसा चोळलं. चोळतच राहिला. मी म्हटलं, "सोड मामा, गेलं ते." त्याने ऐकलं नाही. मग ते शिंकलं.

दुपारपर्यंत सगळं आटपलं. मोठी घोरत होती, पिल्लं ओळीने पीत होती. मामा पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून त्यांच्याकडे बघत होता.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. ईस्टर जवळ आला म्हणून लॉनवाला आला होता, हातात मोजायची टेप. बाहेरूनच ओरडला, "अंकल! माप कुठून घ्यायला सुरू करू?"

मामा उठला. हात लेंग्याला पुसत फाटकापर्यंत गेला. मी मागोमाग.

"हळू बोल," मामा म्हणाला. "आत बाळंतीण झोपलीय."

लॉनवाला चपापला. गॉगल काढला, टेप खिशात घातली आणि एकदम कुजबुजत म्हणाला, "अरे वा, अंकल. मुलगा की मुलगी?"

"अकरा," मामा म्हणाला, आणि त्याने फाटक लावून घेतलं.