उजव्या हातावरचा पट्टा

माझ्या सासूबाई सोलोमोनिदा आमच्या अलास्कातल्या गावच्या सुईण. आम्ही दोन बोटांनी क्रुसाची खूण करणारे, जुन्या विश्वासाचे रशियन ख्रिस्ती. सगळेच कडक, पण सासूबाईंची तऱ्हाच वेगळी. बायबलातलं जगाच्या शेवटच्या दिवसांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ. सैतानाचा शिक्का उजव्या हातावर नाहीतर कपाळावर बसणार, आणि बसला की आत्मा गेला. दुकानातून शेवयांचं पाकीट आणलं तरी त्यावरचा नंबर आणि काळ्या रेघा, म्हणजे तोच शिक्का म्हणून, आधी कात्रीनं कापून चुलीत. मला हसू यायचं. तोंडावर हसायची हिंमत मात्र कुणाची नव्हती.

पहिल्या खेपेला माझ्या बाळाचा पाय आधी आला. नवरा येवस्ताफी मासेमारीला समुद्रावर गेलेला. सासूबाईंनी तपासलं आणि थेट शेजाऱ्याला गाडी काढायला सांगितलं. तिथंच माझं धाबं दणाणलं.

दवाखान्यात नर्स पट्टा घेऊन आली. त्यावर नंबर आणि त्याच काळ्या रेघा. हा मनगटाला बांधल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणाली. डाव्या हाताला सलाईन लावलेलं; सासूबाईंनी माझं उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं. माझं रक्त जात होतं. या बाईच्या पुस्तकापायी मी आणि माझं बाळ मरणार, असा संताप आला मला.

"आई, हात सोडा," मी म्हटलं. "मला जगायचंय."

त्या डोळे मिटून पुटपुटत राहिल्या. मग नर्सला म्हणाल्या, "पायाला बांध. पायाचं काही लिहिलेलं नाही."

नर्सनं तो घोट्याला बांधला. मुलगी झाली, रडलीसुद्धा. पण तिला उचलून घ्यायचं तर सोबतच्या माणसालाही तोच नंबर बांधावा लागतो. नर्स बिचारी शहाणी, सासूबाईंच्या पायाशी वाकली. त्यांनी तिला उठवलं आणि उजवा हात पुढे केला.

"मघाशी मी देवाशी लबाडी केली," त्या मला म्हणाल्या. "त्याची शिक्षा तुम्हा दोघींना नको. मला होऊ दे."

आमच्याकडे विश्वासाबाहेरच्या परक्या माणसांना वाढायचं वाडगं दाराजवळ वेगळं ठेवलेलं असतं; त्यातलं खाल्लं की आपला माणूस बाटतो. घरी आल्यावर, शिक्का घेतलेली बाई परकीच असं म्हणून, सासूबाईंनी ते स्वतःसाठी घेतलं. मी रागावले, रडले, पाया पडले. बाई हलेल तर शपथ.

माझी मुलगी अगाफ्या आता दोन वर्षांची आहे. तिला आजीच्याच वाडग्यातलं हवं असतं. ती हात पसरून रडायला लागली की सासूबाई वाडगं उचलतात आणि बाहेर बर्फात उभ्या राहून जेवतात.