बाईंचा श्वास

वासंती बाईंचं नाव आधी लिहितो. या शहरात मला उभं केलं ते त्यांनी. आणि त्यांच्याशी मी जे केलं ते इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं — आईला नाही, बायकोलाही नाही.

बाई फणसवाडीत राहतात. निवृत्त शिक्षिका. मी तालुक्याच्या गावातून आलो, घरातला पहिला पदवीधर, आणि त्यांच्याच वाडीत खोली घेतली. मुलाखतीत 'पानी' म्हणालो आणि समोरचे हसले. मग वर्षभर दर रविवारी बाईंनी मला ण आणि ळ घोटवून घेतले. 'पाणी म्हण रे. पानी पिऊन तहान भागत नाही,' म्हणायच्या, आणि वर पोहे खायला घालायच्या. परळच्या ज्या स्टुडिओत त्या पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या, तिथे मला चिकटवलंही त्यांनीच. मालकांना म्हणाल्या, मुलाचा कान चांगला आहे.

कान — इथेच अडतो मी.

कंप्रेसर म्हणजे आवाज फार चढला की दाबणारं सॉफ्टवेअर. त्यात दोन कालावधी ठरवायचे असतात. आवाज चढल्यावर किती लवकर दाबायचं, तो अटॅक. उतरल्यावर किती लवकर सोडायचं, तो रिलीज. मालकांनी मला हे एकदा समजावलं होतं. समजलं का, विचारल्यावर मी हो म्हणालो. शाळेत दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला हसायचे ना? ती सवय. मला वाटलं, जितकं झटपट तितकं चांगलं. दोन्ही अगदी कमीवर ठेवले.

आठवड्याभराने मालकांनी बाईंचं वाचन ऐकलं. म्हणाले, बाई थकल्या. उच्चार बोथट झालेत, दोन शब्दांमध्ये धाप ऐकू येते.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कंप्रेसर बंद करून तेच पान लावलं. 'कपाट'मधला क करकरीत होता. श्वास जागच्या जागी, कानाला जाणवूही नये इतका. शब्दाची धार माझा अटॅक खात होता. आणि शब्द संपताच रिलीज इतक्या घाईने सोडत होता की मागचा साधा श्वासही वर उचलला जात होता. बाईंना धाप लागतच नव्हती.

म्हणजे मला कळलं होतं. हे नीट वाचा — आदल्या संध्याकाळीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. मालकांनी त्यांना तेच दाबलेलं वाचन ऐकवलं. बाईंनी हेडफोन काढला, हसल्या. 'ही धापा टाकणारी म्हातारी कोण रे?' मग माझ्याकडे वळल्या. 'तुझा कान चांगला आहे. खरं सांग, माझं असं होतंय का?'

महिन्याभरात माझी नोकरी कायम व्हायची होती. हे कारण म्हणून सांगत नाही, डोक्यात काय होतं तेवढं सांगतो.

'थोडं होतंय, बाई,' मी म्हणालो.

त्यांनी कागद सारखे केले, चष्मा डबीत ठेवला. 'बरं झालं तू सांगितलंस. दुसऱ्या कुणाचं मला पटलं नसतं.'

त्यानंतर त्या स्टुडिओत आल्या नाहीत. नव्या वाचिकेच्या वेळी मी अटॅक आणि रिलीज दोन्ही वाढवले, गुपचूप. मालक म्हणाले, बघ, तरुण आवाजाचा फरक. मी मान डोलावली. वाडीच्या गणपतीत बाई अथर्वशीर्षाला पुढे बसायच्या. आता मागे बसतात, नुसते ओठ हलवतात. मी पाहिलंय. दर वर्षी प्रसाद घेऊन त्यांच्या पाया पडतो आणि निघतो. सहा वर्षं झाली. आता नव्या मुलांना अटॅक आणि रिलीज मीच शिकवतो. त्यांना म्हणतो, समजलं नाही तर पुन्हा विचारा. कुठल्या तोंडाने?

गेल्या सोमवारी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

'ती. बाईंना सा. नमस्कार.

तुम्ही मला विचारलं होतंत, माझं असं होतंय का. होत नव्हतं. उच्चार स्पष्ट होते, श्वासही ठीक होता. ती चूक माझ्या मशीनवरची होती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला ती माहीत होती. मी खोटं बोललो.

सोबत पेन ड्राइव्हमध्ये तुमचं त्या दिवसांचं मूळ वाचन आहे. त्याला मी हात लावलेला नाही.'