अंकाईच्या लेण्यांपाशी एका हाताने केलेली कॉफी

दादाने कॉफी करणं थांबवलं त्याला वर्ष होत आलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मनमाडला राहतो, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाला. गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं, चालणं बऱ्यापैकी परत आलं, उजवा हात मात्र नावापुरता राहिला. तेव्हापासून वहिनी त्याला गॅसजवळ फिरकू देत नाहीत.

डिसेंबरात त्याचा फोन आला. "अंकाईची लेणी बघून येऊ. वर किल्ल्यावर नको, लेण्यांपर्यंत जमेल मला." जरा थांबून म्हणाला, "आणि तिथे कॉफी मी करणार. कशात करायची ते तू बघ."

म्हणून आमची सहल नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कॉफीच्या दुकानात सुरू झाली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, किती कपांसाठी हवंय?"

"कपांचं नंतर बघू. एका हाताने करता आली पाहिजे, तोही डावा."

तिने मान डोलावली. स्वतःचा उजवा हात पाठीमागे घेतला आणि एकेक साधन करून बघायला लागली. गॅसवर ठेवायच्या मोका पॉटला आटे, पिळून घट्ट करायचे, ते एका हाताने होईना. पिचकारीसारखी दाबायची प्लास्टिकची नळी हलकी, न फुटणारी, प्रवासाला एरवी उत्तम. पण दाबताना खालचा कप दुसऱ्या हाताने धरावा लागतो. काचेचं प्रवासात नकोच. उरला दट्ट्याचा स्टीलचा जग आणि कपावर ठेवायचा प्लास्टिकचा कोन.

"कोन सोपा वाटतो," ती म्हणाली, "पण पाणी बारीक धारेने ओतायला हात स्थिर लागतो."

दादा तर उजव्या हाताचा होता, डाव्याची काय खात्री? मी दट्ट्याच्या जगावर भरवसा ठेवला. कोन जेमतेम तीनशेचा होता, तोही घेतला, सोबत कागदी गाळण्या. पावडर दोन्हींना चालेल अशी मध्यम दळून घेतली.

शनिवारी सकाळी नाशिकरोडहून मनमाडला गाडीने तासाभरात पोहोचले. तिथून अंकाई दहा-बारा किलोमीटर. गाव स्टँडपासून फारसं लांब नसलं तरी परतीला वाहन मिळेलच असं नाही, त्यामुळे रिक्षा जाऊन-येऊन ठरवलेली बरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची लागवड चालू होती. वहिनींनी थर्मासमध्ये उकळतं पाणी, बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती.

गावातून लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत. धडधाकट माणसाला पंधरा मिनिटं लागतात, आम्हाला पाऊण तास लागला. दादा काठी टेकत, चार पायऱ्यांनी थांबत चढला. लेणी जैन आहेत, दुमजली, दारावरचं कोरीवकाम अजून ठसठशीत. ते पाहून झाल्यावर बाहेरच्या दगडावर बसलो आणि मी जग काढला.

दादाने डाव्या हाताने पावडर टाकली, पाणी ओतलं, चार मिनिटं घड्याळात पाहिली आणि दट्ट्या दाबला. दगड उतरता होता. जग सरकला, कलंडला आणि सगळी कॉफी त्याच्या पँटवर गेली. वहिनी झटकन उठल्या.

"भाजलं का? द्या इकडे, मी करते."

"भाजलं नाही. तू बस."

"अहो, पण..."

"बस म्हटलं ना."

वहिनी परत बसल्या. शेळ्या घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "काय हाय ते?"

"कॉफी करतोय, आजी."

"मंग करा की," म्हणाल्या आणि तिथेच टेकल्या.

मी पिशवीतून कोन काढला. दादाने कागदाची कड दाताने धरून दुमडली, कोनात बसवली. थर्मास डाव्या हातात घेतला आणि बारीक धार सोडली. धार कुठेही तुटली नाही. मी त्याच्या हाताकडे पाहत राहिले तसा तो म्हणाला, "तीस वर्षं हलत्या डब्यात चहा ओतलाय. उजव्या हाताने दांडी धरायची, डाव्याने ओतायचं. हा दगड तर हलतही नाही."

आजी कप भरेपर्यंत बसल्या. "येवढ्या पाण्याला लय येळ लागतो," म्हणाल्या आणि शेळ्यांमागे निघून गेल्या.

पहिला कप दादाने वहिनींपुढे धरला. वाऱ्याने कॉफी कोमट झाली होती, थोडी फिकीही. वहिनींनी कप दोन्ही हातांत घेतला आणि शेवटपर्यंत प्यायल्या. डोळे पुसले, ते दादाने पाहिलं नाही. तो दुसरा कागद दुमडत होता.

संध्याकाळच्या गाडीने मी नाशिकला परतले. कोन दादाकडे राहिला, जग माझ्याकडे. घरच्या सपाट ओट्यावर तो उत्तम चालतो. प्रवासाला निघणाऱ्यांनी मात्र कोन न्यावा.

पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. "ताई, त्या गाळण्या संपल्या. इथे मिळत नाहीत. रोज सकाळी स्वतः करतात, पहिला कप मला."

"कशी होते?"

"काय माहीत. मला कॉफी आवडतच नाही. नंतर गुपचूप चहा करून घेते."

"मग सांगितलं नाहीत त्याला?"

"सांगेन की," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी गाळण्या पाठवा. दोन पाकिटं पाठवा."