शेरा : घर बंद

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून इतक्या चुका झाल्या की शाळेत त्यांची चेष्टाच होऊन बसली होती. पंधरा ऑगस्टला झेंड्याची गाठ मी बांधली होती. पाहुण्यांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, तिसऱ्यांदा जोर लावून ओढली, गाठ सुटेना. शेवटी शिपाईमामांनी झेंडा खाली घेतला आणि नखांनी गाठ सोडवली, तोवर पोरं सावधानमध्ये उभी. पालकसभेत एका मुलीच्या वडिलांना मी विचारलं, “आजोबा, आईवडील नाही का आले?” मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दर वेळी म्हणायच्या, “होतं असं. नवीन आहेस.” त्या ‘होतं असं’ची मला सवय लागली. चुकलं की जरा लाजायचं, सगळ्यांबरोबर हसायचं, की झालं.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम आलं. शाळेत न जाणारी मुलं घरोघर फिरून शोधायची, त्यांची नावं तक्त्यात लिहायची, म्हणजे जूनमध्ये त्यांना वर्गात बसवता येतं. मला दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेच्या चार गल्ल्या मिळाल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी निघाले.

पहिल्याच घरी म्हातारीला वाटलं मी लाइटचं मीटर तोडायला आलेय. तिनं मला उंबऱ्यावरच अडवलं आणि आतून मुलाला हाका मारल्या. पुढं एका घरी रात्रपाळी करून झोपलेला माणूस उठला आणि माझ्यावर खेकसला. एका बाईनं चहा दिला, तो मी निम्मा तक्त्यावर सांडला. तिसऱ्या गल्लीत उजव्या सँडलचा पट्टा तुटला. पाय फरफटत मी ती गल्ली पुरी केली. दीड वाजला होता. डोक्यावरची ओढणी तापली होती आणि बाटलीत पाणी उरलं नव्हतं.

चौथी गल्ली नाल्याच्या पलीकडं. तिच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ होता, तिथवर मी गेले. तिथून गल्ली शेवटपर्यंत दिसत होती. एका बाजूला सात घरं, दुसऱ्या बाजूला रेल्वेची भिंत. दोन-तीन दारं उघडी होती. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की मला ती दिसली नव्हती. पण दिसली होती.

मी मागं फिरले. मोठ्या रस्त्यावर येऊन पट्टा शिवायला दिला आणि तेवढ्या वेळात शेजारच्या रसवंतीच्या बाकावर बसून सात ओळी भरल्या. ‘शेरा’ या रकान्यात लिहिलं, ‘घर बंद’. सगळीकडं तोच शेरा बरा दिसणार नाही म्हणून दोन ठिकाणी ‘बाहेरगावी’ केलं. एके ठिकाणी मुद्दाम खाडाखोडही केली, उभ्या उभ्या घाईत लिहिल्यासारखी. मग थंडगार रस प्यायले आणि बस पकडून रहाटणीला खोलीवर आले. त्या दुपारी मला गाढ झोप लागली.

सोमवारी मोठ्या बाईंनी तक्ता पाहिला, सही केली आणि बाकीच्यांना दाखवून म्हणाल्या, “बघा, हिनं घर न् घर लिहिलंय.”

मी लाजले. लाजणं मला जमायचंच.

त्यानंतर सव्वा वर्षानं, जूनमधली गोष्ट. मधल्या मार्चमध्ये सर्वेक्षण निघालंच नव्हतं. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. ऑफिसात मोठ्या बाई आणि मी दाखल्यांचे कागद लावत बसलो होतो. तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी अकरा वर्षांची, उंच, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. कुटुंब मूळचं लातूरकडचं. वडील चाकणला ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक, आठवड्यातून एकदा घरी येणारे. आई रबराच्या पार्टची कड कापायच्या कामाला जायची. मुलगी गावाकडं तिसरीपर्यंत शिकलेली. इकडं आल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, घरीच होती.

वयाप्रमाणं ती पाचवीत, माझ्या वर्गात येणार होती. मी तिच्यापुढं पुस्तक धरलं. ती एकेक अक्षर चाचपडत वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीला थांबली. मला राग आला. खरं तर पाचवीच्या वर्गात आणखी एक न वाचणारं मूल, याचा राग आला होता. पण तो मी त्या आईवर काढला.

“अहो ताई, दीड वर्ष मुलगी घरात ठेवली? आम्ही उन्हातान्हात घरोघरी फिरतो, तेव्हा सांगायला काय होतं तुम्हाला?”

त्या बाई वरमल्या. “आमच्याकडं कुणी आलंच न्हाई, मॅडम. आमी थांबलो होतो की.”

“कुठं राहता?”

त्यांनी सांगितलं. रेल्वेलाइनच्या कडेला, नाल्यापलीकडं, नळापासून चौथं घर.

माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. त्या बाई आता मोठ्या बाईंकडं वळून सांगत होत्या. “अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या होत्या, शनिवारी शाळेच्या मॅडम येतील नाव घालायला, घरीच थांबा. मी कामावर गेले न्हाई त्या दिवशी. हिला न्हाऊमाखू घातलं. शेजारून खुर्ची मागून आणली, मॅडमला बसायला. पाच वाजेपर्यंत थांबलो. मग वाटलं, आपलं नाव यादीत नसंल. एकदा शाळेच्या गेटावर पण येऊन गेले मी, तर म्हणले गावचा दाखला आणा. गावी कोन जाणार?”

“आल्या असतील,” मी म्हणाले. आवाज माझाच होता. “तुमचं घर बंद असेल तेव्हा.”

मोठ्या बाईंचं सगळं जागच्या जागी असायचं. त्यांनी कपाटातून मागच्या वर्षीचे तक्ते काढले, बोट फिरवत त्या ओळीवर आल्या. माझं अक्षर त्यांना ओळखू आलं असणारच. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि त्या बाईंना म्हणाल्या, “इथं तर घर बंद असं लिहिलंय.”

बाई त्या कागदाकडं बघत राहिल्या. त्यांना वाचता येत होतं की नाही मला ठाऊक नाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू पडला. “मग मी पाण्याला गेले असंन,” त्या म्हणाल्या. “टँकर आला असंल. तेवढ्यातच आल्या असतील मॅडम. हिला पण संगं नेलं असंल मी बादली धराया.” आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “बघ गं, माझ्यामुळं गेलं तुझं वर्ष.”

मी नाव कोणत्या रजिस्टरला घालायचं ते बघत राहिले.

त्या वर्षी मी त्या मुलीवर जीव तोडून मेहनत घेतली. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास तिला वेगळं शिकवायचे. ती हुशार होती, दिवाळीपर्यंत सलग वाचायला लागली. पण मी जितकं करत होते तितकं ते माझ्याच अंगावर येत होतं. तिची आई मला गेटावर भेटली की हात जोडायची. “आईनं घालवलं ते तुमी भरून काढलं, मॅडम.” पालकसभेत तर ती बाकीच्या बायांना शिकवत होती, “शाळेच्या मॅडम येणार असल्या की दारातनं हलू नका. मी पाण्याला हलले, तर पोरीचं अख्खं वर्ष गेलं.” बाया माना हलवत होत्या. मी फळ्याजवळ उभी होते.

डिसेंबरमध्ये एक नवीन मुलगी वर्गात आली. तिला शेजारी बसवून घेताना शाळा सुटल्यावर थांबणारी ही मुलगी म्हणाली, “मला पण उशीर झालेला. माझी अम्मी पाच मिनिटं पाण्याला गेली ना, त्यामुळं.” आणि मोठ्या माणसासारखा सुस्कारा टाकला. “अब्बा अजून बोलतात तिला.”

त्यानंतर तीन रविवार मी जायचं ठरवलं आणि गेले नाही. चौथ्या रविवारी गेले.

नळापासून त्यांच्या दारापर्यंत जायला मिनिटभरही लागलं नाही. बाई दारात बसून काळ्या रबराच्या गोल चकत्यांची कड कात्रीनं कापत होत्या. समोर कापलेल्यांचा ढीग, मागं गोणी. मला बघून त्या गडबडीनं उठायला लागल्या. मी म्हणाले, “बसा, ताई. मला काही सांगायचंय.” आणि उभ्यानंच सांगून टाकलं. तुमचं घर बंद नव्हतं. त्या दिवशी मी गल्लीत शिरलेच नव्हते. मी खोटं लिहिलं.

“तुमीच होता त्या?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“कुठवर आल्या होत्या?”

“नळापर्यंत.”

त्यांनी नळाकडं पाहिलं. बसल्या जागेवरून तो दिसत होता. “मग राहिलं किती होतं?” त्यांनी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारावं तसं.

मी सँडलच्या पट्ट्याकडं बघत होते.

“जूनमध्ये मोठ्या बाईंनी कागद काढला, तवा तुमी तिथंच होता.”

“होते.”

“मी माझ्या तोंडानं म्हणाले, पाण्याला गेले असंन. ऐकलं ना तुमी?”

“ऐकलं.”

त्यांनी हातातली चकती खाली ठेवली. “टँकर आलाच नव्हता त्या दिवशी. मला पक्कं आठवत होतं. पण कागदावर लिहिलंय म्हटल्यावर वाटलं, मीच चुकत असंन. कागद कशाला खोटं बोलंल?” मग कापलेल्यांचा ढीग बाजूला सारत म्हणाल्या, “मला नका सांगू. तिला सांगा.”

मुलगी आतून आली. मला बघून हसली, आज रविवारी कशा म्हणून. मी तिला सांगितलं. मुलांसमोर उभं राहून बोलणं हे माझं रोजचं काम, पण त्या दिवशी माझी वाक्यं तुटत होती. ती माझ्याकडं बघतच नव्हती. आईकडं बघत होती.

“म्हणजे तू पाण्याला गेलीच नव्हतीस?”

“न्हाई.”

मुलगी तिच्या शेजारी खाली बसली, दुसरी कात्री घेतली आणि कड कापायला लागली. दोघी कापत राहिल्या. मी उभी. चहाचं कुणी विचारलं नाही.

निघायचं म्हणून मी पाऊल मागं घेतलं, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “तिच्या अब्बाला पण सांगा. मी सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई त्यांना.” त्यांनीच फोन लावून दिला. पलीकडं इंजिनाचा आवाज येत होता. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी तिकडचं इंजिन बंद केलं. मग म्हणाले, “तिला द्या.” बाई फोन घेऊन आत गेल्या. ते काय बोलले ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना सांगायला गेले तर त्यांनी पेनसुद्धा खाली ठेवलं नाही. “मला जूनमध्येच कळलं होतं.”

“मग बोलला का नाही?”

“सही माझीही आहे त्यावर,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या ‘होतं असं’ म्हणाल्या नाहीत. मी लेखी दिलं, मला मेमो मिळाला, तो फाइलला लागला. त्यानं काहीतरी हलकं होईल अशी माझी आशा होती. शिक्षा झाली की संपतं, असं आपण पोरांना शिकवतोच की. तसं झालं नाही.

आठवडाभर ती मुलगी शाळा सुटल्यावर थांबली नाही. घंटा झाली की दप्तर उचलायची. मी बोलावलं नाही. नवव्या दिवशी ती आपणहून थांबली, वही उघडली आणि खाली बघत म्हणाली, “अम्मीनं सांगितलंय, वर्ष वाया घालवायचं नाही.” तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. मात्र पूर्वी उत्तर बरोबर आलं की ती मान वर करून माझ्याकडं बघायची, ते बंद झालं.

पुढच्या मार्चमध्ये मी त्याच गल्ल्या मागून घेतल्या. चौथ्या गल्लीत तिची आई दारात होती. मला बघून उठली, पायांत चपला सरकवल्या आणि माझ्यापुढं चालायला लागली. प्रत्येक दारात थांबून हाक द्यायची, “बाहेर या गं, शाळेच्या मॅडम आल्यात. खरंच आल्यात.” तिच्या बोलण्यात टोमणा होता का, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मागं उभी राहून नावं लिहीत होते.

मुलगी आता नववीत आहे, दुसऱ्या शाळेत. परवा दापोडीच्या बसथांब्यावर दिसली. माझ्यापेक्षा उंच झालीय. “मॅडम,” म्हणत जवळ आली. मी अभ्यासाचं विचारलं. मराठी चांगलं आहे म्हणाली, इंग्रजीत मागं पडते, पाया कच्चा राहिला. हे तिनं अगदी सरळ सांगितलं. मी आईचं विचारलं. बरी आहे, कामावर आहे. आई माझ्याबद्दल कधी काही बोलते का, हे ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

बस आली. ती आधी चढली आणि दारातून वळून म्हणाली, “या ना मॅडम, जागा आहे.”

मी म्हणाले, तू जा, मी मागच्या बसनं येते. मलाही त्याच बाजूला जायचं होतं. तिच्या शेजारी अर्धा तास बसायचा मला धीर झाला नाही.