लाल नाय गो, नारिंगी

रोह्याहून भाचीचा, स्मिताचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात गणपतीच्या पितांबराच्या पिवळ्या रंगानं बरबटलेले होते. कारखान्यातल्या कारागिरानं फोन माझ्या कानाला लावला. "मामी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. न्यूमोनिया झाला होता, आठवडाभर दवाखान्यात होत्या... तरी रोह्याला पोचल्यापासून जो भेटेल तो मान हलवून म्हणत होता, "हार्टच ना? आधीपासून होतंच त्यांना." पहिल्या दोघांना मी समजावलं, तिसऱ्यावर खेकसले. तेराव्याला महिना उलटून गेला तरी तेच चाललंय, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. आमच्या वन्सं, कुंदाताई, हृदयानं गेल्या नाहीत. हृदयाशी त्यांची लढत झाली होती आणि ती त्यांनी जिंकली होती. मी साक्षीदार आहे. नुसती साक्षीदार नाही, हरलेल्या बाजूची कप्तान आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हमरापूरची लेक, रोह्याला दिलेली. यजमान तिथल्या एका कंपनीत शिफ्टला. लग्नाआधी कबड्डीत त्यांची चढाई तालुक्यात गाजलेली. आमच्या आळीत गौरी विसर्जनानंतर एक सामना होतो, माहेरवाशिणी विरुद्ध सुना. सुनांची कप्तान हल्ली मी. वर्षभर गणपती रंगवून मान-पाठ एक झालेल्या बायका त्या दिवशी पदर खोचून मैदानात उतरतात आणि जुने सगळे हिशेब तिथंच चुकते करतात. पहिली चढाई वन्संची, हा रिवाज. नवी नवरी होते तेव्हापासून त्यांनी मला इतक्यांदा बाद केलंय की मोजायचं मी सोडून दिलं. मग पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना झटका आला. स्टेंट बसला, जीव वाचला, आणि आम्ही सगळे त्यांना ओल्या मातीच्या मूर्तीसारखं जपायला लागलो. बादली उचलू नका, जिना चढू नका. त्या वर्षी गौरीला आल्या तेव्हा मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसवलं. सामना संपल्यावर मला म्हणाल्या, "रेखा, परत मला खुर्ची दिलीस तर माहेरी येणार नाय." डोळे भरलेले होते. चढाई नसेल तर त्यांच्या लेखी माहेरच उरत नव्हतं.

डॉक्टरांनी व्यायामाला होकार दिला, पण शिस्तीत. यंत्राच्या पट्ट्यावर चालवून तपासणी केली, आणि पेणच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं वन्संच्या मनगटावर घड्याळ बांधलं. ठोके वाढतील तसा त्यावरचा रंग बदलायचा. करडा, निळा, हिरवा, नारिंगी, लाल. कुठला रंग कितीला लागायचा ते खास वन्संच्या तपासणीवरून, ठोके हळू ठेवणाऱ्या त्यांच्या गोळ्या लक्षात घेऊन ठरवलेलं. रंग म्हटल्यावर वन्सं खूश. लहानपण सगळं रंगाच्या डब्यांत गेलेलं. आठवड्यानं त्या मुलीकडे गेल्या आणि ऐटीत म्हणाल्या, "रोज लालात जाते." आमच्याकडे लाल म्हणजे कुंकू, लाल म्हणजे शुभ. त्यांना वाटलं, घड्याळ शाबासकी देतंय. मुलीनं कपाळाला हात लावला. "मावशी, लाल म्हणजे थांबा. तुम्ही हिरव्यात राहायचं. चालता चालता बोलता आलं पाहिजे." वन्संना ते मुळीच पटलं नाही. "एवढं हळू? म्हशी जातील माझ्या पुढं."

म्हशी खरोखरच गेल्या. पहाटे कुंडलिका नदीच्या काठानं त्या चालत आणि शेजारणी मागून येऊन पुढे निघून जात. जरा चढ आला की घड्याळ मनगटावर थरथरायचं, की यांनी पाय आवरायचा. आयुष्यभर पुढे झेपावलेल्या बाईला ते किती जड गेलं असेल... रागारागानं मला फोन करायच्या, तोही चालता चालताच, कारण बोलता येणं हा नियम. अख्ख्या रोह्याच्या भानगडी मला त्या हिरव्या रंगात कळल्या. आणि बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी म्हणाल्या, "पुलाचा चढ चढले गो, आन् हिरवाच हाय." जिथं लाल लागायचा तिथं आता हिरवा होता, आणि पाऊल आधीसारखंच झपझप. डॉक्टरांनी पुन्हा तपासून नारिंगीला परवानगी दिली. थोडा वेळ जोरात, मग हिरव्यात परत, मग पुन्हा जोरात. वन्सं हसल्या. "ही तं चढाईच झाली. जायचं नि घरी यायचं."

पुढच्या गौरीला त्या आल्या त्या एका चढाईची परवानगी घेऊनच. आमचे हे आडवे आले, तर म्हणाल्या, "मी डॉक्टरला इचारलंय, भावाला नाय." मी हळूच विचारलं, "वन्सं, पकडू का सोडून देऊ?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली. "सोडलंस तर जन्मात बोलणार नाय." मग मध्यरेषेला हात लावून दम धरला. कबड्डी कबड्डी कबड्डी... आवाज जुनाच, खणखणीत. डावीकडे हूल दिली, उजवा पाय माझ्या गुडघ्याला लावला आणि वळल्या. मी झेप घातली. घोटा दोन्ही हातांनी धरला, अगदी जीव खाऊन, खोटं कशाला बोलू. त्या पडल्या, मला मातीतून ओढत नेलं, आणि बोटं रेषेपलीकडे टेकवली. दम सुटला नव्हता. आळी नुसती दणाणली. आमचे हे रडत टाळ्या वाजवत होते. वन्संनी पडल्या पडल्या आधी मनगट बघितलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "लाल नाय गो, नारिंगी." त्यानंतर त्यांनी एकही गौर चुकवली नाही.

दवाखान्यात शेवटची भेट झाली तेव्हा तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी उगाच धीर देत बसले. त्यांनी बोट उचलून उशाजवळच्या मॉनिटरकडे दाखवलं. ठोक्यांची रेघ हिरवी होती... त्या डोळ्यांनी हसल्या. हृदयानं शेवटपर्यंत साथ दिली, असं डॉक्टरांनीच स्मिताला सांगितलं.

घड्याळ स्मितानं मला दिलं. पट्ट्याच्या भोकात पिवळा रंग अडकलाय, एका वर्षी चतुर्थीआधीच येऊन हौसेनं आमचा गणपती रंगवायला बसल्या होत्या तेव्हाचा. "मामी, तुमच्या ठोक्यांप्रमाणे बदलून देऊ का?" तिनं विचारलं. मी नको म्हटलं. त्यातल्या मर्यादा वन्संच्या आहेत. मला गोळ्या नाहीत, माझा स्वभाव तापट, त्यामुळे सकाळी बांधावर चार पावलं टाकली की ते थरथरतं, आणि मी वन्संच्या चालीवर येते. परवा शेजारची बाई मागून आली, पुढे जाता जाता म्हणाली, "तुमच्या वन्सं हार्टनंच गेल्या ना गो?" मी थांबले नाही, खेकसलेही नाही. घड्याळात हिरवा होता. तिला सोबत घेतलं आणि खुर्चीपासून रेषेपर्यंत सगळं सांगितलं, चालता चालता, एकदाही दम न लागता.