विलायती नाटकात भरलेली ओटी

माझी बायको मला पहिल्यांदा सोडून गेली ती चारशे लोकांसमोर, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी शिवा. नांदूरघाटात आमचं कापडाचं दुकान आहे. बायको महानंदा लग्नाआधी अंबाजोगाईला कॉलेजात नाटकं करायची आणि बक्षिसं आणायची. लग्नात ती त्यातले दोन कप सोबत घेऊन आली. आमच्या मायनं एकात जिरं ठेवलं, दुसऱ्यात मोहरी. चौदा वर्षं महानंदा त्याच कपातून मोहरी काढून फोडण्या देत आली आणि एका शब्दानं काही बोलली नाही. मला वाटायचं, विसरली असेल. (मला असं बरंच काही सोयीचं वाटत असतं.)

मग होनराव सर निवृत्त झाले. इंग्रजी शिकवणारा माणूस निवृत्त झाला की गावाला धोका असतो! सरांनी दीडशे वर्षांपूर्वीचं एक नावाजलेलं परदेशी नाटक मराठीत आणलं आणि ते गावच्याच माणसांत बसवायचं ठरवलं. गोष्ट सोपी होती. एक नवरा बायकोला लाडानं वागवतो, पण तिचं काही म्हणजे काही ऐकून घेत नाही. शेवटी ती अंगठी काढून टेबलावर ठेवते, घराबाहेर पडते आणि दार आपटते. संपलं. त्या दाराच्या आवाजानं म्हणे अख्खा युरोप दचकला होता.

बायकोच्या कामाला महानंदाशिवाय कुणी नव्हतंच. पण तिनं परक्या माणसाची बायको व्हायचं हे मायला पटेना, म्हणून नवरा मी झालो.

"सर, मला अभिनय येत नाही," मी म्हणालो.

"तुला गरज नाही," सर म्हणाले. "तू दुकानात असतोस तसा उभा राहा."

मी ते कौतुक समजून घरी आलो.

सरांना दार खरंच पाहिजे होतं. अब्दुलभाई सुतारानं जुनं सागवानी दार आणून बांबू आणि प्लायवूडच्या भिंतीत बसवलं आणि बजावलं, "एकदाच आपटा, भाभी. दुसऱ्या खेपेला अख्खं घर येतंय खाली." त्यामुळं तालमीत महानंदा दार अलगद लावायची आणि सर तोंडानं "धाड!" म्हणायचे. खरं आपटणं प्रयोगापुरतं राखून ठेवलेलं.

आदल्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, मला तेवढं एक दार नीट आपटू द्या. चौदा वर्षांत मी काय मागितलं न्हाई. मधी तुमी काय बी करू नका."

"मी कावून मधी येऊ?"

"तुमी नेहमीच येता," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

प्रयोग मंगल कार्यालयात, संध्याकाळी सहाला, ऐन उन्हाळ्यात. नाटकात मात्र कडाक्याची थंडी! खिडकीबाहेर कापसाचा बर्फ पडत होता आणि मी दुकानातल्या लोकरी कापडाचा ओव्हरकोट घालून "बाहेर किती गारठा आहे!" असं म्हणत होतो, तेव्हा नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप टेबलावर पडत होता. पहिल्या रांगेतून आवाज आला, "आरं, फॅन लावा त्याला!" आणि कुणीतरी खरंच फॅन लावला. घरातच बर्फाचं वादळ सुटलं. माझं पुढचं वाक्य कापसासकट पोटात गेलं.

पण शेवटचा प्रवेश सुरू झाला आणि मी कापूस गिळायचं विसरलो.

ही कोण बाई होती? आवाज महानंदाचाच होता, पण ती बोलायला लागली तसे कुरमुऱ्यांचे पुडे कुरकुरायचे थांबले, लेकरं गप झाली, मागं उभं राहून मोबाइल बघणाऱ्यांनी मोबाइल खिशात घातले. ती ओरडत नव्हती. शांतपणे सांगत होती की या घरात आपल्याला कुणी कधी काही विचारलं नाही. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता, त्या कोटात! चौदा वर्षं एका घरात राहून मी ही बाई पाहिलीच नव्हती. माझी तीन वाक्यं मी म्हटली की नाही, मला आजही आठवत नाही.

तिनं अंगठी टेबलावर ठेवली. ओव्हरकोट चढवला, हॅट घातली. बॅग उचलली. दाराकडं वळली.

"थांब गं पोरी!"

समोरच्या रांगेतून आमची माय उठली होती. पाहुण्यांच्या सत्कारासाठी नारळ, खण, तांदूळ, हळद-कुंकू असं ताट स्टेजच्या कडेला ठेवलेलं, ते उचलून ती पायऱ्या चढली. मागोमाग आणखी तीन बायका!

विंगेतून सर दबक्या आवाजात ओरडले, "माय, खाली उतरा! या नाटकात सासू न्हाई!"

"सासू न्हाई, असं घर असतंय व्हय कुठं?" माय म्हणाली आणि पुढं झाली.

मला वाटलं, आता ही सुनेला अडवणार, समजूत घालणार आणि नाटक इथंच बुडणार. पण मायनं अडवलं नाही. ती म्हणाली, "जायाचं तर जा. त्यो ऐकत न्हाई, मला बी ठावं हाय. पर बाईमाणसानं घरातनं रिकाम्या ओटीनं जायाचं न्हाई."

आणि तिनं हॅट वर सरकवून त्या विलायती बाईच्या कपाळाला कुंकू लावलं. ओटीला पदर नव्हता. महानंदानं क्षणभर मायकडं बघितलं, बॅग खाली ठेवली आणि ओव्हरकोटाचा घेर दोन्ही हातांनी पुढं धरला. त्यात खण पडला, तांदूळ पडले, नारळ पडला. हॉलमधल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. महानंदा मायच्या पाया पडली, एका हातात बॅग, दुसऱ्या हातानं ओटी सावरत उठली आणि दाराकडं निघाली. अजूनही ती नाटकातच होती!

आणि मी? तिनं एवढं एकच मागितलं होतं. पण ती खरंच चालली असं वाटून माझ्या तोंडातून निघून गेलं, "अगं, मांजरसुंब्याला गाडी बदलावी लागंल!"

हॉल फुटला. लोक एकमेकांना टाळ्या देत हसायला लागले, शिट्ट्या सुरू झाल्या. सरांनी विंगेत डोकं धरलं. तिचं ते एक दार मी हशात बुडवलं होतं, आणि जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं.

महानंदा हसली नाही. रागावलीही नाही. ती वळली आणि नुसती उभी राहिली. दुसरं काही केलं नाही, फक्त लोकांकडं बघत राहिली. आधी पहिली रांग गप झाली, मग मधल्या, मग पार मागचे टारगट. चारशे माणसं एका बाईनं न बोलता गप केली! मग ती माझ्याकडं बघून, कुठल्याच पुस्तकात नसलेलं वाक्य म्हणाली.

"गाडी कुठं बदलायची, ते मला माहीत आहे. चौदा वर्षांपासून माहीत आहे."

आणि ती गेली. दार असं आपटलं की अब्दुलभाईचा हिशेब चुकला. घर दुसऱ्या खेपेची वाट न बघता पहिल्यालाच खाली आलं! भिंत, खिडकी, उरलेला बर्फ, सगळं माझ्या डोक्यावर. प्लायवूडखालून मला फक्त टाळ्या ऐकू येत होत्या.

बाहेर पडून धावत मागं गेलो. कार्यालयाच्या पायरीवर ती बसली होती. ओटीतला नारळ छातीशी धरलेला, कुंकू घामानं ओघळलेलं, आणि डोळ्यांत पाणी.

"महानंदा, चुकलं माझं," मी म्हणालो. "चल, लोक तुला बोलवायलेत."

"जरा थांबा," ती म्हणाली. "अजून नाटकाच्या आत हाय मी."

मी थांबलो. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, कुठं जायचंय ते न सांगता, तिच्या शेजारी गप बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं कप रिकामे केले, घासले आणि देव्हाऱ्याशेजारी मांडले. मोहरी प्लास्टिकच्या डब्यात गेली. आठवड्यानं धर्मापुरीच्या मंडळाचं पत्र आलं. मी ग्राहकांसमोरच मोठ्यानं वाचायला घेतलं. लिहिलं होतं, महानंदाताईंनी आमच्याकडे प्रयोग करावा, मातोश्रींनाही ओटी भरायला अवश्य आणावं, दोघींची राहायची सोय केली आहे. खाली एक ओळ होती, ती मात्र मी मनातल्या मनात वाचली.

"नवरा आणू नये. तसले आमच्या गावात भरपूर आहेत."