मागांच्या आवाजात बोललेलं

अजूनही दुपारी डोळा लागला की कानात माग चालू होतात. खटक-फटक, खटक-फटक. माधवनगरच्या त्या शेडमध्ये मी बावीस वर्षं विणकाम केलं. तिथं कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही बायका एकमेकींचे ओठ वाचायचो. राग आला, रडू आलं, की मागाकडे तोंड करून मोठ्यानं बोलून मोकळं व्हायचं. घरी जाताना मन धुतल्यासारखं हलकं असायचं.

मग जुने माग भंगारात गेले. मागच्या शेडमध्ये नवे बसले, त्यांना माणसं थोडीच लागतात. मला कापड तपासायच्या खोलीत धाडलं. "महिनाभर बघू, जमलं तर ठेवू," मालक म्हणाले. खोली अगदी शांत. काचेच्या टेबलाखालून उजेड यायचा आणि त्यावरून पांढरं कापड सरकत राहायचं. वाटायचं, मीच कृष्णेच्या पाण्यावरून सावकाश कुठंतरी चाललेय.

अशाच तंद्रीत असताना तपासणीवर देखरेखीला आलेल्या नव्या मॅडमनी मी पास केलेलं कापड माझ्यापुढं परत आणून टाकलं. वयानं माझ्या लेकीएवढ्या. मी मान खाली घालून सवयीनं मोठ्यानं बोलून गेले, "हिला सूत तरी कळतंय का? कुणी आणून बसवलीय हिला हितं?"

खोलीतले सगळे हात थांबले. मॅडम तडक मागच्या शेडकडे निघून गेल्या. नोकरी गेलीच म्हणायची.

माफी मागायला मीही तिकडं गेले. नवे मागही कान किटवणारेच. मॅडम एका मागाजवळ एकट्या उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. कुणाला ऐकू जात नाही, एवढंच त्यांना ठाऊक. मी वाचलं. "मला नाही जमणार हे. नाहीच जमणार."

माझी मलाच लाज वाटली. माफी तशीच राहिली. मी त्यांचा हात धरून मागावरच्या कापडाच्या काठावर ठेवला आणि ओठ सावकाश हलवले, "हितं बोट फिरवा. गाठ आपसूक कळती." त्यांना ओ की ठो कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, अजून सावकाश.

त्याला आता दोन वर्षं होत आली. त्या शांत खोलीत मॅडम कधीमधी पलीकडच्या टेबलावरून नुसते ओठ हलवतात, "मावशी, जमतंय ना?"

मीही आवाज न काढता म्हणते, "जमतंय की. तुमचं?"